मधले पद घालवण्याची रीत: वर्गराशीचा पूर्ण वर्ग कसा करावा

क्ष² + ६क्ष = ९१ हे समीकरण पाहा. यात शोधायची संख्या एकच आहे, पण ती दोन ठिकाणी बसली आहे: एकदा वर्गाच्या रूपात आणि एकदा सहापटीच्या रूपात. तीच संख्या एका जागी असती, म्हणजे एखाद्या कंसाचा वर्ग १०० आहे असे समीकरण मिळाले असते, तर वर्गमूळ काढून उत्तर सांगणे आठवीच्या मुलालाही जमले असते. दोन ठिकाणी विखुरलेला क्ष एका कंसात आणून ठेवणे, एवढेच पूर्ण वर्ग पद्धतीचे काम आहे. दहावीच्या गणित भाग १ मध्ये वर्गसमीकरणांच्या प्रकरणात अवयव पद्धत आणि सूत्र यांच्यासोबत ही पद्धत येते आणि बहुतेकांच्या हातून तिथेच निसटते, कारण अवयव सोपे वाटतात आणि सूत्र पाठ करता येते. माझे मत असे आहे की तिघांपैकी हीच पद्धत मनापासून समजून घ्यावी. सूत्र हे तिचेच फळ आहे आणि पुढे अकरावी-बारावीला सूत्राचा उपयोग नसतो अशा ठिकाणीही हीच पद्धत कामाला येते. पाठ्यपुस्तकात चलासाठी रोमन अक्षर वापरतात, या लेखात जुन्या पद्धतीप्रमाणे क्ष लिहिला आहे.

मी स्वतः दहावीत असताना आम्हाला नियम सांगितला गेला तो असा: क्ष च्या सहगुणकाची, म्हणजे क्ष ला गुणणाऱ्या संख्येची, निमपट करा, तिचा वर्ग करा आणि तो दोन्ही बाजूंत मिळवा. नियम बरोबर आहे, आम्ही तो पाठ केला आणि गुणही मिळाले. पण पुढे मी शिकवू लागलो तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, नऊच का मिळवायचे? आठ का नाही?" त्या प्रश्नाला नियमाने उत्तर देता येत नाही. त्याचे उत्तर आकृतीत आहे, आणि आमच्या परभणीकडे ती आकृती घरोघर अंथरलेली असते.

लेकरू लहान असताना त्याच्यासाठी शिवलेली चौकोनी वाकळ ते मोठे झाले की अपुरी पडते. माझी आजी अशी वाकळ फेकत नसे. ती जुन्या लुगड्याचे धडपे घेऊन वाकळीच्या दोन लगतच्या बाजूंना सारख्या रुंदीच्या पट्ट्या जोडत असे, एक पायथ्याला आणि एक उजव्या हाताला. पट्ट्या वाकळीच्या बाजूइतक्याच लांब असल्यामुळे त्या जोडून झाल्यावर एका कोपऱ्यात चौकोनी जागा रिकामी राहत असे. ती वितीने मोजायची गरजच नव्हती. पट्टी तीन विती रुंद असेल तर कोपऱ्याला लागणारा तुकडाही तीन विती लांब आणि तीन विती रुंदच असणार. आजी तेवढा तुकडा फाडून घेऊन टाके घालायला सुरुवात करत असे.

आता हीच वाकळ बीजगणितात मांडू. मूळ वाकळीची बाजू क्ष विती आहे, म्हणून तिचे क्षेत्रफळ क्ष². जोडायचा धडपा क्ष विती लांब आणि सहा विती रुंद आहे, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ६क्ष. तो सगळा एकाच बाजूला जोडला तर वाकळ लांबुळकी होईल, चौरस होणार नाही. चौरस हवा असेल तर धडपा उभा मधोमध फाडून तीन-तीन वितींच्या दोन पट्ट्या करायच्या आणि दोन बाजूंना लावायच्या. सहगुणकाची निमपट घेतात ती यासाठी. कोपऱ्याची जागा ३ × ३, म्हणजे ९ चौरस विती. निमपटीचा वर्ग करतात तो यासाठी. तो तुकडा जोडला की (क्ष + ३) बाजूचा पुरा चौरस तयार होतो. आठ चौरस विती कापड घेतले तर कोपरा उघडा राहील, दहा घेतले तर कापड बाहेर येईल. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

मूळ समीकरणाकडे परत येऊ. वाकळ आणि धडपा मिळून ९१ चौरस विती कापड होते. कोपऱ्याचे ९ मिळवल्यावर डावीकडे पुरा चौरस होतो आणि उजवीकडे १०० होतात:

क्ष² + ६क्ष + ९ = ९१ + ९
(क्ष + ३)² = १००
क्ष + ३ = १० किंवा क्ष + ३ = −१०
क्ष = ७ किंवा क्ष = −१३

वाकळीची बाजू ऋण असू शकत नाही, म्हणून तिथे ७ हेच उत्तर घ्यायचे. पण समीकरण म्हणून पाहिले तर −१३ हे मूळही (समीकरणाच्या उत्तराला मूळ म्हणतात) तितकेच खरे आहे, कारण १६९ − ७८ = ९१. वर्गमूळ घेताना धन आणि ऋण ही दोन्ही चिन्हे लिहिणे हा या पद्धतीतला सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग आहे, आणि तो विसरला की एक मूळ कायमचे हरवते.

ही आकृती नवी नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी या गणितीने क्ष² + १०क्ष = ३९ हे उदाहरण अशाच चौरस-पट्ट्यांनी सोडवले होते. दहाची निमपट पाच, कोपरा पंचवीस, एकूण चौसष्ट, म्हणून क्ष + ५ = ८ आणि क्ष = ३. आकृतीतल्या लांबीला ऋण अर्थ नसल्यामुळे त्याने तीन हेच उत्तर दिले. आपल्याकडच्या गणितींनी मात्र या कृतीला जे नाव दिले ते मला अधिक नेमके वाटते: मध्यमाहरण. क्ष² चे पद, क्ष चे पद आणि स्थिर पद या तिघांमधले मधले पद हरण करायचे, म्हणजे ते नाहीसे करायचे. (क्ष + ३)² = १०० मध्ये मधले पद वेगळे दिसत नाही, ते कंसात विरून गेलेले असते. विद्यार्थ्याने गणित सोडवताना "मला आता मधले पद घालवायचे आहे" असे स्वतःशी म्हटले तरी पुढची पायरी आपोआप सुचते.

वर दिलेले उदाहरण समीकरणाचे होते. नुसती राशी दिली असेल तेव्हा काम थोडे वेगळे होते आणि मुले इथेच गोंधळतात. समीकरणाला दोन बाजू असतात, म्हणून दोन्हीकडे ९ मिळवले तर तोल राहतो. राशीला दुसरी बाजू नाही. तिच्यात ९ मिळवले तर ती राशीच बदलते. म्हणून राशीत जे मिळवायचे ते लगेच वजाही करायचे. उदाहरणार्थ क्ष² − ८क्ष + २१ ही राशी घ्या. मधल्या सहगुणकाची निमपट −४, तिचा वर्ग १६.

क्ष² − ८क्ष + २१
= क्ष² − ८क्ष + १६ − १६ + २१
= (क्ष − ४)² + ५

कंसात निमपट तिच्या चिन्हासकट जाते, म्हणून उणे चार. वर्ग मात्र नेहमी धनच, म्हणून अधिक सोळा. शेवटच्या ओळीकडे जरा थांबून पाहावे. कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग शून्यापेक्षा कमी नसतो, म्हणून ही राशी ५ पेक्षा कमी कधीच होणार नाही, आणि ती नेमकी ५ होते ती क्ष = ४ असतानाच. मूळ रूपात, क्ष² − ८क्ष + २१ कडे कितीही वेळ पाहत बसले तरी हे दिसत नाही. आलेख काढणाऱ्याला याच ओळीतून अन्वस्ताचा, म्हणजे या राशीच्या वाटीसारख्या वक्राचा, शिरोबिंदू (४, ५) मिळतो.

क्ष² चा सहगुणक १ नसेल तर आधी तो बाजूला काढायला हवा, कारण वाकळ चौरस असल्याशिवाय कोपऱ्याचा हिशेब लागू पडत नाही. २क्ष² + १२क्ष + ७ ही राशी घेऊ. पहिल्या दोन पदांतून २ सामाईक काढायचे, ७ ला हात लावायचा नाही:

२(क्ष² + ६क्ष) + ७
= २(क्ष² + ६क्ष + ९ − ९) + ७
= २(क्ष + ३)² − १८ + ७
= २(क्ष + ३)² − ११

तिसऱ्या ओळीत −९ कंसाबाहेर येताना २ ने गुणला जातो आणि −१८ होतो. वह्या तपासताना मला सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक हीच आहे: विद्यार्थी −९ तसाच बाहेर आणतो आणि उत्तर २(क्ष + ३)² − २ असे लिहितो. चूक पकडायला अर्धा मिनिटही लागत नाही. मूळ राशीत क्ष = ० ठेवले की ७ मिळतात. बरोबर उत्तरात २ × ९ − ११ = ७ येतात, चुकीच्या उत्तरात १८ − २ = १६. परीक्षेत प्रत्येक पूर्ण वर्गाखाली कच्च्या कामाच्या जागेत एवढी पडताळणी केली तर गुण जात नाहीत. शून्यासोबत क्ष = १ ठेवूनही पाहावे, कारण फक्त मधल्या पदात चूक असेल तर ती शून्याने सापडत नाही. इथे दोन्हीकडे २१ येतात.

शेतातला एक हिशेब सांगतो. समजा आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या घराच्या, भिंतीला लागून शेळ्यांसाठी आयताकृती कुंपण करायचे आहे आणि घरात ४० मीटर जाळी आहे. एक बाजू भिंतीची असल्यामुळे जाळी तीनच बाजूंना लागेल. भिंतीपासून पुढे येणारी बाजू क्ष मीटर ठेवली तर अशा दोन बाजूंना २क्ष जाळी जाते आणि भिंतीला समांतर बाजूसाठी ४० − २क्ष उरते. क्षेत्रफळ म्हणून क्ष(४० − २क्ष), म्हणजे −२क्ष² + ४०क्ष. पूर्ण वर्ग करू:

−२(क्ष² − २०क्ष)
= −२(क्ष² − २०क्ष + १०० − १००)
= −२(क्ष − १०)² + २००

वर्गापुढे उणे दोन आहे, म्हणजे कंस शून्य नसेल तेव्हा दोनशेतून काहीतरी कमीच होणार. सर्वांत मोठे क्षेत्रफळ २०० चौरस मीटर आणि ते क्ष = १० असताना: दोन बाजू दहा-दहा मीटर, समोरची बाजू वीस मीटर. अनेकांना वाटते की चौरस कुंपणातच जास्त जागा मिळेल. जाळीचे तीन सारखे भाग केले तर बाजू सुमारे १३.३३ मीटर येते आणि क्षेत्रफळ सुमारे १७७.८ चौरस मीटर, म्हणजे तेवढ्याच जाळीत बावीस चौरस मीटरहून अधिक जागा वाया जाते. वर्गात हे उदाहरण दिल्यावर ज्यांच्या घरी शेळ्या आहेत ती मुले आधी अंदाज सांगतात आणि मग हिशेब तपासायला पुढे येतात.

आता अपूर्णांकांची अडचण पाहू. ३क्ष² + ५क्ष − २ = ० हे समीकरण नेहमीच्या रीतीने सोडवायचे तर आधी ३ ने भागावे लागते, ५/३ ची निमपट ५/६ घ्यावी लागते, तिचा वर्ग २५/३६ दोन्हीकडे मिळवावा लागतो आणि २/३ चे २४/३६ करावे लागतात. उत्तर येते, पण हात चार ठिकाणी चुकू शकतो. यावर आपल्याकडचे जुने गणिती श्रीधराचार्य यांची रीत फार सोयीची आहे. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात त्यांच्या नावाने हा नियम दिला म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. नियम असा: दोन्ही बाजूंना क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मग मूळच्या मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवावा. इथे चौपट १२ आणि मधल्या सहगुणकाचा वर्ग २५:

३क्ष² + ५क्ष = २
३६क्ष² + ६०क्ष = २४
३६क्ष² + ६०क्ष + २५ = ४९
(६क्ष + ५)² = ४९
६क्ष + ५ = ७ किंवा ६क्ष + ५ = −७
क्ष = १/३ किंवा क्ष = −२

अपूर्णांक फक्त शेवटच्या ओळीत आला. सहगुणकाने गुणल्यामुळे पहिले पद पुरा वर्ग झाले, आणि चाराने गुणल्यामुळे मधल्या पदाची निमपट काढताना दोनाने भागायची वेळ आली नाही. रीतीचे रहस्य एवढेच आहे. हीच कृती अक्षरे ठेवून करावी. अ·क्ष² + ब·क्ष + क = ० मध्ये क पलीकडे नेऊन ४अ ने गुणले आणि ब² मिळवला की (२अ·क्ष + ब)² = ब² − ४अक असे मिळते. उजव्या बाजूला पुस्तक विवेचक म्हणते, आणि वर्गमूळ घेऊन क्ष मोकळा केला की पाठ केलेले सूत्र समोर उभे राहते. विवेचक ऋण असेल तर वास्तव मुळे नाहीत, हे वाक्यही मग वेगळे पाठ करावे लागत नाही. क्ष² + ४क्ष + ९ = ० चे (क्ष + २)² = −५ होते, आणि कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग उणे पाच नसतो.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी होते, आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा चांगदेवांचा १२०७ चा शिलालेख कन्नडच्या घाटाखाली, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथे आहे. दौलताबादचा किल्ला पाहायला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना हे जरूर सांगावे की तुम्ही फळ्यावर जे मध्यमाहरण करता ते या दरबाराच्या ओळखीचे होते. भास्कराचार्यांच्या त्याच 'बीजगणित' ग्रंथातले वानरांचे उदाहरण या पद्धतीसाठी उत्तम आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला तितकी वानरे गुहेत गेली आणि एक झाडावर दिसले, तर कळपात किती वानरे होती?

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष
क्ष² − ५५क्ष + २५० = ०

मधला सहगुणक विषम आहे, म्हणून श्रीधराचार्यांची रीत लावू. चाराने गुणून आणि ५५ चा वर्ग ३०२५ दोन्हीकडे मिळवून (२क्ष − ५५)² = ३०२५ − १००० = २०२५, म्हणजे ४५ चा वर्ग. म्हणून २क्ष = १०० किंवा २क्ष = १०; क्ष = ५० किंवा ५. दोन्ही उत्तरे धन आहेत, तरीही भास्कराचार्यांनी ५ घेतले नाही, कारण पाचाचा पाचवा भाग एक आणि त्यातून तीन वजा केले तर ऋण संख्या येते. समीकरणाचे मूळ मिळाल्यावर ते गोष्टीत परत ठेवून पाहायची ही सवय शाब्दिक उदाहरणांत फार उपयोगी पडते.

अवयव पडत नाहीत तिथे तर ही पद्धत किंवा तिच्यातून आलेले सूत्र यांशिवाय गत्यंतर नाही. क्ष² − ६क्ष + २ = ० साठी गुणाकार २ आणि बेरीज −६ होईल अशा पूर्णांकांची जोडी शोधत बसू नये. (क्ष − ३)² = ७ असे दोन ओळींत मिळते आणि क्ष = ३ ± √७ ही दोन मुळे हातात येतात, अंदाजे ५.६५ आणि ०.३५. अकरावीत वर्तुळाचे समीकरण येते तेव्हा हेच दोनदा करायचे असते. क्ष² + य² − ६क्ष + ८य − ११ = ० मध्ये क्ष च्या पदांना ९ आणि य च्या पदांना १६ मिळवले की (क्ष − ३)² + (य + ४)² = ३६ होते; केंद्र (३, −४), त्रिज्या ६. इथे सूत्र पाठ असून काही मदत होत नाही, कोपरा भरता आला पाहिजे.

शिकवणाऱ्यांना एक सूचना करतो. पहिल्या दिवशी फळ्यावर सूत्र लिहू नये. प्रत्येकाला वहीच्या जुन्या पानातून एक चौरस आणि त्याच्याच बाजूइतकी लांब एक पट्टी कापायला लावावी, पट्टी लांबीच्या दिशेने मधोमध दुमडून फाडायला लावावी आणि दोन अर्ध्या पट्ट्या चौरसाच्या दोन बाजूंना मांडायला लावाव्यात. उरलेल्या कोपऱ्याचा तुकडा मुलांनी स्वतः कापून बसवला की त्यांनी निमपटीचा वर्ग हाताने केलेला असतो. पट्टीची रुंदी एखाद्याला पाच सेंटिमीटर आली तर फार चांगले. मग त्याला अडीचचा वर्ग करावा लागतो आणि विषम सहगुणकाची भीती तिथेच जाते.

सरावासाठी तीन उदाहरणे घ्यावीत आणि उत्तर पाहण्याआधी मूळ समीकरणात किंवा राशीत किंमत ठेवून स्वतः तपासावे. क्ष² + १४क्ष − ३२ = ० मध्ये कोपरा ४९ चा आहे, (क्ष + ७)² = ८१ होते आणि मुळे २ व −१६ येतात. ५क्ष² − ४क्ष − १ = ० ला २० ने गुणून १६ मिळवले की (१०क्ष − ४)² = ३६ होते, मुळे १ आणि −१/५. क्ष² − ३क्ष + १ ही नुसती राशी आहे, म्हणून ९/४ मिळवून लगेच वजाही करावेत; (क्ष − ३/२)² − ५/४ असे रूप येते आणि तिची सर्वांत लहान किंमत −५/४ आहे, ती क्ष = ३/२ असताना.